सागाचं सोंग

आमच्या हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटांकडे गेली वीस वर्षं कुणी नीट पाहिलं नव्हतं. त्यातल्या पुस्तकांकडे पाहिलं होतं असंही नाही, पण तो विषय मी घरात काढत नाही, कारण ती मी आणलेली आहेत. कपाटं होती, जिन्याखाली विजेचा मीटर असतो तशी. दसऱ्याला झेंडूचं तोरण, दिवाळीआधी एकदा फडका आणि मधल्या काळात डांबरगोळ्यांचा वास, एवढाच त्यांचा आमचा संबंध.

मग २०२० साल आलं, लेकीचं ऑफिस घरात आलं आणि जाताना अर्धंच गेलं. बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडची अवस्था पाहता उरलेलं अर्धंही परत येईल अशी चिन्हं आहेत. आठवड्यातले तीन दिवस ती हॉलमध्ये बसून जगाशी बोलते आणि जग तिच्या खांद्यामागची आमची कपाटं बघतं. एका मंगळवारी तिच्या सिंगापूरच्या साहेबानं तिला मोठ्या काळजीनं विचारलं, की तू सध्या कोर्टात वगैरे आहेस का? मागे रेकॉर्ड रूम दिसते आहे.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, आपण शेल्फना न्यू लुक देऊ या."

"न्यू लुक" हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. पण या वेळी तिनं घाईघाईनं पुढचं सांगितलं, की नवं काही घ्यायचं नाही. एकाला रंग द्यायचा, दुसऱ्याला फिल्म चिकटवायची. शनिवार-रविवारचं काम. या घरात शनिवार-रविवारची म्हणून सुरू झालेली कामं पुढे कोणकोणत्या सणांपर्यंत गेली आहेत, याची यादी माझ्याकडे आहे. मी ती वाचून दाखवली नाही.

आता दोन कपाटांविषयी. पहिलं आजोबांचं. आजोबा वाईचे, शाळामास्तर. दारं नसलेलं, सहा फूट उंच, चार फूट रुंद, पाच फळ्यांचं, गडद तपकिरी. आमच्या घराण्यात त्याला कपाट म्हणत नाहीत, 'सागवान' म्हणतात. "सागवानातलं पंचांग आण." "सागवानाला टेकू नकोस." लग्नात आम्हा भावंडांची ओळख करून देताना आत्या सांगायची, "यांच्याकडे साठ वर्षांचं सागवान आहे." वाईचं घर गेलं तेव्हा ते पुण्याला आलं. पुण्यातली इमारत पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा कोथरूडच्या माझ्या मोठ्या भावानं ते "तात्पुरतं" माझ्याकडे पाठवलं. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे असा प्रवास करून सागवान ट्रकमधून बेंगळुरात उतरलं, ते साल २००४. दादाचं तात्पुरतं अजून चालू आहे.

दुसरं कपाट आमचं स्वतःचं. एका चपट्या खोक्यातून घडी घालून आलं होतं. सोबत पुड्यांत बांधलेले स्क्रू आणि एक वाकडी किल्ली, जिनं माझी तर्जनी आठवडाभर सुन्न केली होती. पार्टिकल बोर्ड. म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंकासारखं काहीतरी एकत्र दाबून केलेली फळी. तिला लाकूड म्हणणं म्हणजे चुरमुऱ्याला बासमती म्हणण्यासारखं आहे. वरचा पांढरा कागद कोपऱ्यांतून सुटला होता आणि आतला भुसा, उघड्या पडलेल्या गादीसारखा, पाहुण्यांना दिसत होता.

लेकीचा बेत असा: सागवानाला पांढरा रंग आणि भुशाला सागवानाची फिल्म.

मी घास हातात धरून विचार केला. म्हणजे ज्याच्याकडे साग आहे त्यानं तो लपवायचा, आणि ज्याच्याकडे नाही त्यानं तो मिरवायचा?

"त्यात काय," बायको म्हणाली. "बायका तेच करतात. खरं सोनं लॉकरमध्ये आणि एक ग्रॅमचं गळ्यात."

निर्णय झाल्याचं मला यावरून कळलं.

तरी मी एक शेवटचा प्रयत्न म्हणून आमच्या इमारतीत सगळ्यांकडे काम करणाऱ्या इंटिरिअरवाल्या मुलाला बोलावलं. त्यानं लेझरनं भिंत मोजली, पुस्तकांकडे पाहून "हे सगळं ठेवणार?" असं विचारलं आणि टॅबलेटवर आकडा दाखवला. तीन लाख ऐंशी हजार. भिंतभर मॉड्युलर कपाट, आतून दिवे. मी त्याला बसवलं, चहा दिला आणि इतिहास सांगितला. १६३८ मध्ये आदिलशाहीनं हे गाव जिंकलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून दिलं. पुढे ते व्यंकोजीराजांकडे आलं. ते तंजावरला, इतक्या लांबून बेंगळुरू सांभाळणं परवडेना, म्हणून त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांशी सौदा केला. तीन लाख रुपये. किल्ला, पेठा, तळी, सगळं धरून. सौदा पुरा होतोय तोवर १६८७ मध्ये मोगलांचा कासिमखान येऊन गावाचा ताबा घेऊन बसला आणि मग ते तीन लाख मोगलांनी घेऊन गाव वडियारांना दिलं. म्हणजे बोलणी एकाशी, ताबा दुसऱ्याचा आणि पैसेही दुसऱ्यालाच. बेंगळुरातले जागेचे व्यवहार तेव्हापासून याच पद्धतीनं चालतात. पण सांगायचा मुद्दा असा की तीन लाखांत तेव्हा अख्खं शहर येत होतं, तर मला एक भिंत कशी...

"ते जीएसटी धरून होतं का अंकल?" त्यानं विचारलं.

दादाला मी फोन केला तो केवळ कर्तव्य म्हणून. सागवानाला रंग हे शब्द ऐकल्यावर पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं, रेंज गेली.

"अरे, तू आजोबांच्या तोंडाला चुना फासायला निघालास की!" तो म्हणाला. "साठ वर्षं त्या लाकडाला वाळवीनं तोंड लावलं नाही. वाळवीला कळतं ते तुला कळू नये?"

"नुसता विचार चाललाय, दादा."

"विचारही करू नकोस. आणि ते मी तुला दिलेलं नाही. ठेवायला दिलंय."

मी त्याला शब्द दिला, की त्याला विचारल्याशिवाय काही करणार नाही. मी त्याला आत्ता विचारलंच होतं, त्यामुळे शब्द पाळला गेला असं लेकीचं म्हणणं.

खरेदीला आम्ही तिघं मेट्रोनं चिकपेटला उतरलो आणि चालत एस. पी. रोडला गेलो. या रस्त्याचं पूर्ण नाव सदर पत्रप्पा रोड, पण ते नाव फक्त पाट्यांवर राहिलं आहे. या भागात ज्या वस्तूचं नाव आपल्याला माहीत नाही तीसुद्धा हातांनी खुणा करून मिळते. दुकानदार मारवाडी. आमच्याशी हिंदी, गडीमाणसांशी कन्नड, फोनवर तमिळ आणि गिऱ्हाइकाला न कळता भाव ठरवायचा असेल तेव्हा मारवाडी. "पांढरा तेलरंग द्या," असं मी म्हणालो आणि त्यानं माझ्याकडे, लहान मुलानं "एक गाव द्या" असं तिकीट मागितल्यासारखं पाहिलं. मग शेड कार्ड उलगडलं. पांढरा हा एक रंग नसून ती एक जमात आहे हे मला त्या दिवशी कळलं. लेक आणि दुकानदार इंग्रजी नावं घेऊन एकेका पांढऱ्याचं गुणवर्णन करत होते. आम्हा नवरा-बायकोला काही उमजेना, तेव्हा बायकोनं स्वयंपाकघरातून भाषांतर सुरू केलं. "हा ताक. हा दही. हा भिजवलेला साबुदाणा. हा अहो, आपल्या सोसायटीच्या दुधासारखा, पाणी घातलेला." शेवटी साबुदाण्यावर एकमत झालं.

डब्यावर मी उगीचच गट्टूला शोधलं. हातात ब्रश आणि डबा, कपाळावर केसांची बट, असा तो खट्याळ पोरगा. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला. लक्ष्मण म्हैसूरचे, नाव कमावलं मुंबईत, शेवटची वर्षं पुण्यात. म्हणजे आमच्या सागवानाच्या बरोबर उलट प्रवास. गट्टूला कंपनीनं २००२ च्या सुमारास निवृत्त केलं. आता डब्यावर हसरं कुटुंब असतं, ज्याच्या अंगावर रंगाचा एक थेंब नसतो. ज्यानं तो फोटो काढला त्यानं घरी कधी रंग दिलेला नाही हे मी सांगू शकतो. गट्टूला पाहून निदान कळायचं, की सांडणार आहे.

रंगाबरोबर लांबी, प्रायमर, टर्पेंटाइन, तीन नंबरांचे पॉलिशपेपर आणि दोन ब्रश घेतले. लांबी म्हणजे लाकडातली भोकं बुजवायचा लगदा. तिला लांबी का म्हणतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण काम किती लांबलं ते पाहता नाव बरोबर असावं. बिल झालं तेव्हा लक्षात आलं, की रंगापेक्षा रंगाच्या तयारीचे पैसे जास्त आहेत. लग्नाचंही तसंच असतं.

फिल्म मात्र लेकीनं घरबसल्या मागवली होती. पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीचे रोल, मागे चौकोन छापलेला कागद, पुढे सागवान. छापील सागवान असं, की बघत राहावं. रेषा, छटा, मधूनच एक गाठ, बदामाच्या आकाराची.

लाकडावर दुसऱ्या लाकडाचं पांघरूण घालायची कला तशी जुनी. मिस्त्री लोक ज्याला सरसकट 'मायका' म्हणतात तो सनमायका, आणि त्याचा अमेरिकन थोरला भाऊ फॉर्मायका. १९१३ मध्ये निघालेली ती कंपनी आधी विजेच्या यंत्रांसाठी इन्सुलेशन बनवायची. अभ्रक, म्हणजे मायका, महाग पडायचं. त्याच्याऐवजीचं, त्याच्या'साठी'चं, म्हणून 'फॉर मायका'. म्हणजे नावातच कबुली, की आम्ही दुसऱ्याच्या जागी आलोय. पुढे त्यावर नक्षी छापून टेबलांवर चिकटवायला लागले आणि मूळचं काम लोक विसरले. आमच्या इथला सुतार राजस्थानचा. त्यानं पहिल्यांदा "मायका लगेगा" म्हटलं तेव्हा बायकोला वाटलं होतं, की तो माहेराबद्दल काही बोलतोय. तिनं मग त्याला सांगलीची माहिती दिली होती.

फिल्म चिकटवणं हे व्हिडिओत चार मिनिटांचं काम आहे. आधी कपाट पुसायचं, तेलकटपणा काढायचा, मग मागचा कागद एका टोकाला थोडा सोलायचा, टोक चिकटवायचं आणि हळूहळू कागद ओढत पुढे सरकायचं. सगळा कागद एकदम सोलायचा नाही. मी सगळा कागद एकदम सोलला. त्यानंतर पाच फूट फिल्म स्वतःलाच चिकटली आणि मग मला. आंघोळ घालायच्या मांजरासारखी ती हातात राहीना. बायकोनं माझ्या दंडावरून सागवान सोलून काढलं तेव्हा केसही गेले. तो तुकडा अजून आहे, केसांसकट.

दुसऱ्या तुकड्याला बुडबुडे आले. बुडबुडे काढायला जुनं एटीएम कार्ड वापरावं म्हणतात. कार्डानं दाबला की बुडबुडा मरत नाही, स्थलांतर करतो. या कोपऱ्यातला त्या कोपऱ्यात. टाचणीनं भोक पाडून हवा काढायची हाही एक उपाय, पण तोवर मी इतक्या टाचण्या टोचल्या, की फळीला गोवर आल्यासारखी दिसायला लागली. मग लेकीनं नवं तंत्र शोधलं. फळीवर साबणाचं पाणी शिंपडायचं, म्हणजे फिल्म सरकवता येते, जागेवर आली की पाणी कडेनं रेटून काढायचं. काचेवर हे तंत्र फार छान चालतं. पार्टिकल बोर्डवर ते पाणी कडेनं बाहेर निघत नाही, आत जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या फळीची कड चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली होती. वर सागवान होतंच. सूज आलेलं सागवान.

आणि ती गाठ. पहिल्या दिवशी जिचं इतकं कौतुक केलं ती बदामी गाठ दर बासष्ट सेंटिमीटरला पुन्हा येते. झाडाचा झेरॉक्स. एकदा लक्षात आल्यावर दुसरं काही दिसेना. जेवताना मी त्या गाठी मोजायचो. सोळा.

पण हे सगळं सोपं होतं. खरं काम पुस्तकं बाहेर काढायचं. सागवानातली पुस्तकं आम्ही हॉलभर जमिनीवर रचली आणि त्यांतून सोफ्यापर्यंत जायला एक पाऊलवाट ठेवली. "प्रीमियर झालंय घराचं," बायको म्हणाली, आणि दोघं थोडा वेळ रंग विसरून तिथंच बसलो.

बेंगळुरात नव्वदच्या दशकात आलेल्या वाचणाऱ्या माणसाला म्युझियम रोडवरचं प्रीमियर बुकशॉप सांगावं लागत नाही. टी. एस. शानभाग यांनी ते १९७१ मध्ये सुरू केलं आणि २००९ मध्ये बंद केलं. मुंबईच्या फोर्टातल्या स्ट्रँड बुक स्टॉलचे टी. एन. शानभाग हे त्यांचे काका, तेव्हा मराठी वाचकाला तो वास ओळखीचाच होता. दुकान एवढंसं आणि पुस्तकांचे मनोरे जमिनीपासून छतापर्यंत. दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकानं मागे मागे चालत दारापर्यंत जायचं. एखादं पुस्तक मागावं, शानभागांनी क्षणभर बघावं आणि मनोऱ्याच्या बुडातून ते बरोबर काढावं, वरचा मनोरा न हलता. मी तिथं बारा-तेरा वर्षं गेलो. तिथली कपाटं लाकडाची होती की लोखंडाची, रंगवलेली की पॉलिश केलेली, हे मला कुणी शपथेवर विचारलं तर सांगता येणार नाही. कपाट दिसायचंच नाही.

बायकोला मी हे म्हणालो. ती म्हणाली, "मग घ्या अजून दोन हजार पुस्तकं. रंगापेक्षा महाग पडेल, पण साहेबाला कपाट दिसणार नाही."

सागवान रिकामं झाल्यावर एक गोष्ट उघडी पडली. खालून दुसरी फळी मधोमध चांगली दीड इंच खाली वाकली होती. त्या फळीवर मराठी विश्वकोश. वाईला विश्वकोशाचं कार्यालय, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. वाईच्या माणसानं विश्वकोश न घेणं म्हणजे पंढरपूरच्या माणसानं माळ न घालणं. खंड येत गेले, आजोबा घेत गेले, मग बाबा, आणि फळी निमूट वाकत गेली. पुस्तकांचं वजन फसवं असतं. मीटरभर फळी भरली की वीस-पंचवीस किलो सहज होतात, आणि हे तर विश्वकोशाचे खंड, जे उचलताना आधी दम घ्यावा लागतो. यातलं गणित मोठं निर्दय आहे. पुस्तकांनी भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली, तर ती दुप्पट नाही, सोळापट वाकते. उलट जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून जुन्या लोकांची कपाटं अरुंद आणि जाड फळ्यांची. आजोबांचं चार फूट रुंद आणि फळ्या बोटभर जाडीच्या का, हे मला त्या वेळी विचारावंसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घराण्याच्या अभिमानाला प्रश्न पडत नाहीत.

रंगारी आला. पाहिलं, ठोकलं, "आगत्ते सार," म्हणाला, होईल साहेब, आणि आगाऊ पैसे घेऊन निघाला. "नाळे बर्तीनी." उद्या येतो. तो उद्या चार दिवसांनी उगवला. कन्नडमधल्या 'नाळे' या शब्दाची ताकद बेंगळुराला जुनीच माहीत आहे. नव्वदच्या दशकात इथं अफवा पसरली होती, की रात्री एक भूत दारं ठोठावत फिरतं. लोकांनी घराघराच्या दारांवर लिहून ठेवलं, 'नाळे बा', उद्या ये. भूत यायचं, वाचायचं, परत जायचं. दुसऱ्या दिवशी तेच. माझा अंदाज आहे, की ते भूत पुढे रंगकाम शिकलं.

कामाला मात्र हात हलका. वरवर पॉलिशपेपर फिरवला, लांबी भरली, प्रायमर मारला, एक हात साबुदाणा दिला आणि "दुसरा हात नाळे" असं सांगून नाहीसा झाला. फळ्यांच्या खालच्या बाजू तशाच. का, असं विचारलं होतं तर म्हणाला, "यारु नोडतारे सार?" कोण बघतंय साहेब?

दुसरा हात मीच दिला. दोन दिवस माझी बोटं पांढरी होती. टर्पेंटाइननं सालं निघाली, रंग नाही. म्हैसूरला एक सरकारी कारखाना आहे, १९३७ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या काळात लाख आणि रंग बनवायला काढलेला. १९६२ च्या निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला लावायची शाई तिथून येते. देशात त्या शाईचा दबदबा आहे, की निघत नाही. त्यांनी एकदा माझी नखं पाहावीत.

रविवारी रात्री रंगाला हात लावून पाहिला. कोरडा. सोमवारी लेकीची मोठी मीटिंग. तिनं रात्रीत पुस्तकं लावली, तीही पाठीच्या रंगानुसार. निळ्यात निळी, लालात लाल. त्यामुळे ज्ञानेश्वरीशेजारी संगणकाचं पुस्तक आलं आणि आयुर्वेदाशेजारी पारशी खाद्यपदार्थ. सोमवारची मीटिंग झकास झाली. साहेब म्हणाला, छान घर आहे, नवीन घेतलं का?

मंगळवारी मी विश्वकोशाचा एक खंड काढायला गेलो. खंड आला नाही. जोर लावला, तर सगळं कपाट माझ्याबरोबर यायला लागलं. तेलरंग पाण्यासारखा नुसता वाळत नाही, तो हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो. वर साय धरते, बोटाला कोरडं लागतं आणि आत लोणी असतं. पावसाळी हवेत तर आणखी उशीर. त्यावर वजन ठेवायला निदान दोन-तीन आठवडे थांबावं हे मला दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे, पण त्या वेळी तो बहुधा फोनवर तमिळ बोलत होता. शेवटी बायकोनं भाकरीच्या उलथण्यानं एकेक खंड सोडवला. बुडाच्या कापडाचा थोडा थोडा भाग साबुदाण्यात राहिला.

पार्टिकल बोर्डच्या त्या फुगलेल्या फळीसाठी आता सुताराला बोलावणं भाग होतं. म्हटलं, आलाच आहे तर ती वाकलेली फळीही उलटी करून बसव. वाक वर आला की विश्वकोशाच्या वजनानं काही वर्षांत सपाट होईल, हा जुना उपाय. त्यानं खिळे उपटले, फळी काढली, जमिनीवर पालथी ठेवली आणि फडका मारला. मग बराच वेळ काही आवाज नाही.

"साहब, ज़रा इधर आइए।"

फळीच्या खालच्या बाजूला पॉलिश नव्हतं. साठ वर्षांपूर्वीच्या कुण्या कारागिरानंही विचार केला असणार, कोण बघतंय. उघड्या, फिकट लाकडावर काळ्या शाईत, छापाच्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: धिस साइड अप. शेजारी एका पेल्याचं चित्र, म्हणजे आत फुटणारं सामान आहे. कडेला कापल्या गेलेल्या शब्दाची शेवटची दोन अक्षरं.

सुतारानं नखानं ओरखडा काढला. नख सहज आत गेलं. "यह सागवान नहीं है। देवदार है। पेटी का माल।" मग स्पिरिटचा बोळा घेऊन मागच्या बाजूच्या एका पॉलिश केलेल्या पट्टीवर घासला. चपडी सुटली, तिच्याबरोबर पिवडी आणि काव. बोळा तपकिरी, लाकूड गोरं. मालाच्या खोक्यांच्या फळ्या आणून, रंगवून, वर चपडी चढवून कुणीतरी आजोबांना सागवान करून दिलं होतं. नाहीतर आजोबांनीच करवून घेतलं होतं. शाळामास्तरांच्या पगारात सहा फुटी सागवान कसं बसलं, हा हिशेब आमच्या तीन पिढ्यांत कुणी मांडला नव्हता. तीनही पिढ्या मास्तरांच्याच.

लेक हसत हसत जमिनीवरच बसली. बायकोनं फळीवरून हात फिरवला.

"म्हणजे हेही एक ग्रॅमचंच," ती म्हणाली.

सुतार फळी उचलून उभा होता. कोणती बाजू वर ठेवायची, असं त्यानं विचारलं. लेकीनं अक्षरांकडे बोट दाखवलं. साठ वर्षांनी फळी सांगितल्याप्रमाणे बसली.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला.

"काय रे, दिलास का सागवानाला रंग?"

"नाही दादा."

"खरं सांग."

"आजोबांची शपथ. या घरात सागवानाला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

तो गहिवरला. म्हणाला, दिवाळीला येतो, बरेच दिवस झाले, त्या कपाटापुढे बसून फराळ करू. मी म्हणालो, ये. फोन ठेवून माळ्यावरून उरलेला फिल्मचा रोल काढला आणि टेप घेऊन मोजला. पुरेल. फळी चार फुटांची, गाठ दर बासष्ट सेंटिमीटरला, म्हणजे एका फळीवर गाठी दोनच येतात. आणि दादाला अलीकडे मोतीबिंदू झालाय.